पिशव्यांची पिशवी

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक खिळा आहे. त्या खिळ्याला अनेक वर्षे एक फुगलेली पिशवी लटकत असे. तिच्या पोटात दुसरे काही नसे, पिशव्याच असत. पांढऱ्या, काळ्या, मिठाईच्या दुकानाचे नाव छापलेल्या, औषधाच्या दुकानातल्या हिरव्या, आणि त्या सर्वांत पातळ, बोटाने ओढली तरी फाटणाऱ्या, कोथिंबिरीबरोबर आलेल्या. कधी काळी उपयोगी पडतील म्हणून त्या जपलेल्या असत आणि तो काळ कधीही येत नसे, कारण बाजारात जावे तर तिथे नवी पिशवी मिळतच होती. एका दिवाळीच्या साफसफाईत आम्ही ती पिशवी जमिनीवर उपडी केली आणि कुतूहल म्हणून मोजणी केली. एकशे अठरा भरल्या. घरात माणसे तीन. आमच्या पुस्तकांच्या एका कपाटात तेवढी पुस्तके नसतील, हा विचार त्या क्षणी मनात आला आणि तो फारसा सुखाचा नव्हता.

भाषेचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला वस्तूंपेक्षा त्यांची नावे आधी आठवतात. काही वर्षांपूर्वी वर्गात सहज विचारले होते, की वस्तू वाहून नेण्याच्या साधनांना मराठीत किती शब्द आहेत ते लिहा. पिशवी, बॅग, पाऊच आणि पॅकेट यांच्यापुढे फारशी मजल गेली नाही. एका विद्यार्थिनीने 'गाठोडे' लिहिले आणि शेजारची तिच्याकडे कौतुकाने पाहत राहिली. मग फळ्यावर आम्हीच लिहीत गेलो: थैली, झोळी, बटवा, चंची, पडशी, बोचके, वळकटी, खोळ, गोणी, पाटी, हारा, पुडा, पुडी, पुरचुंडी. यांतला प्रत्येक शब्द त्यात काय भरायचे ते सांगतो आणि बहुधा कोणी भरायचे तेही सांगतो. चंचीत पानसुपारी जाते, पडशी प्रवाशाच्या खांद्यावर दोन्ही बाजूंना लोंबते, झोळी एका कोणाची फकिरी तर दुसऱ्या कोणाची भूक वाहते, आणि पुरचुंडीत जे बांधले जाते ते नेहमीच थोडके असते. खुद्द 'पिशवी' हा शब्द तर अंगात शिरलेला आहे. खेड्यापाड्यातली बाई गर्भाशयाचे ऑपरेशन झाले असे म्हणत नाही, 'पिशवी काढली' असे म्हणते. जे धारण करते ते पिशवी. या सगळ्या नामावळीत 'कॅरीबॅग' हा शब्द आला तेव्हा त्याच्याबरोबर अशी कोणतीच अट आली नाही. तिच्यात काहीही भरावे, कोणीही भरावे, आणि घरी आल्यावर तिला विसरून जावे. एवढ्या निरिच्छ वस्तूला भाषेने आपला शब्द दिला नाही, परका शब्दच तिला पुरला, याचे आम्हांला तरी आश्चर्य वाटत नाही.

आमच्या लहानपणी पिशव्या आई शिवीत असे. वडिलांच्या लेंग्याचे गुडघे विरले की वरचा धड भाग पिशवीसाठी बाजूला निघे. जुन्या चादरीच्या किनारीचे बंद होत. अशा चार-पाच पिशव्या घरात होत्या आणि त्यांची कामे ठरलेली होती. एक दळणाची, ती कायम पांढुरकी. एक भाजीची, तिला मिरच्या-कोथिंबिरीचा वास. एक वाण्याची. आणि रेशनच्या साखरेची वेगळी, जिला हात लावायची आम्हां मुलांना परवानगी नव्हती. यांशिवाय एक लाल-पांढऱ्या वायरची विणलेली पिशवी होती. ती एका मावशीने स्वतः विणून दिली होती आणि तिच्यातून प्रवासाचे डबे जात. ती वायर प्लास्टिकचीच होती, हे ध्यानात यायला आम्हांला चाळिशी उलटावी लागली. ती पिशवी अठ्ठावीस वर्षे टिकली. तेव्हा हा वाद प्लास्टिक चांगले की वाईट असा नाहीच, एखादी वस्तू आपण किती वर्षे आपली मानतो असा आहे, असे तिच्याकडे पाहून वाटत आले आहे.

वाण्याकडे पुडी मिळे. हाताच्या एका गिरकीत तो कागदाचा कोन करी, डाळ ओती, वरचे टोक आत मुडपी, आणि छताला टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून दोन वेढे देई. तो दोरा आई सोडवून गुंडाळून ठेवी आणि कागद आमच्या वाट्याला येई. आमच्या पिढीतल्या पुष्कळांचे पहिले अवांतर वाचन या पुड्यांवर झाले असावे. मासिकाचे पान असले तर कथा मध्येच सुरू होई आणि मध्येच फाटे. नायकाला पत्र आले आहे, तो ते उघडतो आहे, आणि पुढचे पान दुसऱ्या कोणाच्या तरी तुरीच्या डाळीभोवती गेलेले आहे! पुढे समीक्षेत 'अपूर्ण शेवट' वगैरे गोष्टी शिकवताना आम्हांला त्या पुड्यांची आठवण येत राहिली.

अर्थात या आठवणींना फार गोड करण्यात अर्थ नाही. त्या काळी आपण पिशव्या कमी वापरीत होतो याचे एक साधे कारण, आपण कमी विकत घेत होतो. दुसरे कारण असे, की पिशवी शिवणारी, धुणारी, वाळवून घडी घालून ठेवणारी एक बाई प्रत्येक घरात बिनपगारी हजर होती. आमच्या मातोश्रींना या विषयावर बोलते केले तेव्हा त्या इतकेच म्हणाल्या, "पावसात दळण आणायला जा म्हणजे कळेल, प्लास्टिक आलं तेव्हा किती बरं वाटलं होतं ते." पिठाची पिशवी भिजून लगदा झालेली त्यांनी पाहिली होती. मासळी कापडाच्या पिशवीतून आणली तर तो वास पिशवीला चार धुण्यांत सोडत नसे. गतकाळाची ओढ बहुधा ज्यांनी धुणे धुतलेले नसते त्यांनाच जास्त असते.

आणि गंमत अशी, की ही वस्तू जन्माला आली तीही चांगल्या हेतूनेच. पॉलिथिन हा पदार्थ 1933 साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत अपघातानेच हाती लागला. पुढे स्टेन गुस्ताफ थुलिन नावाच्या स्वीडिश अभियंत्याने, सेलोप्लास्ट या कंपनीत काम करताना, एकाच सलग नळीसारख्या पत्र्यापासून बंडीसारखे दोन खांदे असलेली पिशवी तयार केली. तिचे अमेरिकी पेटंट 1965 सालचे आहे. ही पिशवी कागदी पिशवीपेक्षा बळकट होती, भिजत नव्हती, तिच्यासाठी झाड तोडावे लागत नव्हते. थुलिन यांच्या मुलाने पुढे सांगितले आहे, की त्याचे वडील स्वतः एक पिशवी घडी करून नेहमी खिशात बाळगीत. म्हणजे तिच्या जनकाच्या मनात ती पुन्हा पुन्हा वापरायची वस्तू होती. लेखकाच्या मनातले पुस्तक आणि वाचकांच्या हातातले पुस्तक यांच्यात अंतर पडते हे आपण शिकवतो. इथे ते अंतर अख्ख्या समुद्रात तरंगताना दिसते.

महाराष्ट्राला या पिशवीची पहिली मोठी धास्ती वाटली ती 26 जुलै 2005 नंतर. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबई बुडाली. पाणी ओसरल्यावर गटारांच्या तोंडांशी जे गुंतलेले सापडले त्यात पिशव्या होत्या, आणि त्या सर्वांना दिसल्या. मिठी नदीच्या पात्रावरची आक्रमणे, जुनी अपुरी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था, भरतीची वेळ ही कारणेही होतीच, परंतु पिशवी हातात धरून दाखवता येते, भरती दाखवता येत नाही. आमच्या मते तेव्हा पिशवीवर तिच्या वाट्यापेक्षा थोडे अधिक आले, मात्र ती निर्दोष होती असे कोणी म्हणू नये. शेजारच्या बांगलादेशाने असल्याच पुरांचा आणि तुंबलेल्या गटारांचा अनुभव घेऊन 2002 मध्येच पातळ पिशव्यांवर बंदी घातली होती, तशी बंदी घालणारा तो जगातला पहिला देश. आपल्याकडे 2006 चे नियम आले आणि 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी निषिद्ध ठरली. 'मायक्रॉन' हा शब्द भाजीबाजारात ऐकू येऊ लागला. पुढे देशपातळीवर हा आकडा 2011 मध्ये 40, 2016 मध्ये 50, सप्टेंबर 2021 अखेर 75 आणि 2022 च्या शेवटी 120 असा झाला. पिशवी जाड होत गेली. जाड पिशवी महाग पडेल, मग दुकानदार ती फुकट देणार नाही, आणि ती गोळा करायला कचरावेचकालाही परवडेल, असा त्यामागचा विचार. तो चुकीचा नाही. पण पिशवी मागणारा हात तोच राहिला, आणि त्या हाताविषयीच आम्हांला मुख्यतः सांगायचे आहे.

23 मार्च 2018 रोजी महाराष्ट्र शासनाने नवी अधिसूचना काढली. जुना साठा संपवायला मुदत दिली गेली आणि 23 जूनपासून बंदीची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. आम्ही तेव्हा या बंदीच्या बाजूने दोन व्याख्याने दिली होती. एकदा तर एका महाविद्यालयात आमच्याच हस्ते कापडी पिशव्यांचे वाटप झाले होते.

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती, म्हणजे तारीख 22 जुलै. पाऊस रिपरिपत होता. आम्ही एका मित्राकडून परतत होतो आणि घरून निरोप आला, की येताना रताळी आणा. मंडईबाहेरच्या रस्त्यावर एक मावशी बसतात. त्यांच्याकडून आम्ही बारा-तेरा वर्षे भाजी घेत आलो होतो. दोन किलो रताळी, शेंगा, थोड्या मिरच्या. तागडीत रताळी चढली आणि आमच्या लक्षात आले, की हातात छत्री आहे, पिशवी नाही.

"सर, पिशवी न्हाई आणली? मी आता देत न्हाई. लई कडक झालंय," मावशी म्हणाल्या.

"मावशी, एवढ्या वेळेला द्या. पावसात कसं नेणार? उद्या एकादशी."

त्या क्षणभर थांबल्या. मग बसायच्या गोणपाटाखाली हात घालून त्यांनी एक काळी पिशवी काढली आणि रताळी तिच्यात ओतली. शिळे गिऱ्हाईक, त्यातून सर, त्यातून एकादशी. नाही म्हणणे त्यांना जड गेले असणार हे आज कळते. तेव्हा आम्ही सुट्टे पैसे शोधत होतो.

पथक कुठून आले ते दिसलेच नाही. तिघे जण होते. एकाने गोणपाट उचलले, खाली पंधरा-वीस पिशव्या होत्या. पावतीपुस्तक निघाले. मावशींनी हात जोडले, मग आवाज चढवला, मग पुन्हा हात जोडले. शेजारच्या विक्रेत्या आपापल्या गोणपाटांवर अधिक घट्ट बसल्या. त्या माणसांशी आमचे भांडण नाही, ते त्यांचे काम करीत होते, उद्धटपणाही त्यांनी केला नाही. प्रश्न आमचा आहे. आम्ही तिथून तीन हातांवर उभे होतो, आमच्या हातात ती काळी पिशवी होती, आणि आम्ही दोन पावले मागे सरकलो. मग आणखी दोन. मग छत्री थोडी पुढे कलती केली. आमच्याकडे कोणी पाहिले नाही. भिजलेल्या सदऱ्यातला, चष्मेवाला, पांढऱ्या केसांचा माणूस कायद्याच्या कक्षेत येतो असे त्यांनाही वाटले नसावे आणि आम्हांलाही वाटले नाही. आम्ही घरी आलो.

रात्री झोप येईना म्हणून ती अधिसूचना इंटरनेटवर काढून वाचली. तिच्या लांबलचक नावात कंसामध्ये एक यादी आहे: उत्पादन, वापर, विक्री, वाहतूक, हाताळणी व साठवणूक. शब्दांच्या क्रमाकडे पाहायची आमची जुनी सवय. 'वापर' तिथे दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि 'विक्री' त्याच्या मागे. दंड वापरणाऱ्यालाही होता. बंदीवर दोन व्याख्याने देणाऱ्याने ती अधिसूचना आधी कधी वाचली नव्हती.

एकादशी झाली. रताळी उकडली गेली. पुढे आठवडाभर आम्ही मंडईचा रस्ता टाळून लांबच्या चौकातून भाजी आणली, आणि हे कारण घरात कोणाला सांगितले नाही. नवव्या दिवशी पाकिटात पाच हजार रुपये घालून गेलो. मावशींची जागा रिकामी होती. आणखी चार दिवसांनी त्या दिसल्या. आम्ही पाकीट पुढे केले आणि तयार केलेले वाक्य बोलायला लागलो, ते त्यांनी पुरे होऊ दिले नाही. दंडाचे पैसे त्यांनी व्याजाने उचलले होते. दिवसाकाठी तीन-चारशे सुटले तर बाजार चांगला, अशा धंद्यात पाच हजार म्हणजे पंधरवडा. त्यांनी पाकीट उघडले, नोटा मोजल्या, निम्म्या ठेवून घेतल्या आणि निम्म्या आमच्या हातात परत दिल्या.

"मागितली तुम्ही, दिली मी. निम्मं निम्मं."

आम्ही आग्रह केला. त्या म्हणाल्या, "मग मी तुमच्याकडून भीक घेतल्यासारखं व्हईल." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला गवारीचा भाव सांगू लागल्या. आम्ही पळालो होतो हे त्यांनी पाहिले होते की नाही, हे त्यांनी कधी सुचवले नाही आणि आम्हांलाही विचारण्याचे धैर्य झाले नाही.

या विषयावर त्यानंतर आम्ही बरेच वाचले. आयर्लंडने 2002 साली दर पिशवीमागे ग्राहकाकडून पंधरा सेंट घ्यायला सुरुवात केली आणि पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. रक्कम मोठी नव्हती, पण ती गल्ल्यावर, सर्वांसमोर, मागणाऱ्याच्या खिशातून जात होती. पाच हजारांचा दंड अवचित एखाद्याच्याच डोक्यावर पडतो आणि बाकीचे सारे छत्री कलती करून निघून जातात. आपल्या हातगाड्यांच्या बाजारात आयर्लंडचा हिशेब जसाच्या तसा बसणार नाही हे आम्हांलाही दिसते. तरी मागणाऱ्याने रोज दोन रुपये मोजावेत आणि देणारीने कधीतरी पंधरवड्याची कमाई गमवावी, यांतले न्याय्य कोणते हे सांगायला अर्थशास्त्री व्हावे लागत नाही.

दुसरी गोष्ट वाचली ती आमच्यासारख्यांना अधिक झोंबणारी. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या 2018 सालच्या एका अभ्यासात सुती पिशवीची तुलना साध्या प्लास्टिक पिशवीशी केली आहे. केवळ हवामानबदलाचा निकष धरला तर सुती पिशवी किमान 52 वेळा वापरली पाहिजे. सगळे निकष एकत्र धरले तर 7100 वेळा. रोज एकदा म्हटले तरी साडेएकोणीस वर्षे होतात. कापसाला लागणारे पाणी, खते, सूत काढणे, विणणे हे सारे त्यात आले. समुद्रात जाऊन पडलेल्या पिशवीचा हिशेब त्या आकड्यांत धरलेला नाही, तेव्हा हे आकडे प्लास्टिकच्या बाजूची साक्ष म्हणून काढू नयेत. पण आम्ही उठून कपाट उघडले. चर्चासत्रे, संमेलने, पुस्तक प्रदर्शने यांतून मिळालेल्या बावीस पिशव्या तिथे होत्या. तेरा सुती, नव्या कोऱ्या, आयोजकांची नावे छापलेल्या. उरलेल्या नऊ कापडासारख्या दिसणाऱ्या, हातात घेतल्यावर किंचित खरखरीत, म्हणजे नॉन-वोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पुन्हा प्लास्टिकच. 2018 च्या अधिसूचनेत त्याही बंद होत्या. त्यांतल्या एकीवर वसुंधरेविषयी एक घोषवाक्य छापलेले होते. एके काळी खांद्याला शबनम अडकवली की माणूस लेखक किंवा समाजवादी किंवा दोन्ही ठरत असे, आणि ती एकच शबनम झिजेपर्यंत चाले. आता प्रत्येक चर्चासत्रातून आम्ही एक नवी घेऊन येतो आणि दारामागच्या खिळ्यावरचा ढीग फक्त अभिजात झाला आहे, एवढेच.

आईच्या पिशव्यांना मात्र हा डॅनिश हिशेब लागू पडत नाही असे दिसते. तो कपडा वडिलांनी आधीच सहा वर्षे वापरलेला असे. पिशवी हे त्याचे दुसरे आयुष्य होते, आणि पुसणे हे तिसरे.

आम्ही काय बदललो, असे कोणी विचारील तर उत्तर अगदी क्षुल्लक आहे. एक जुनी पिशवी पायताणांच्या शेजारी, दाराच्या कडीला अडकवली. स्वयंपाकघरात असताना ती कधीच बरोबर येत नव्हती, कडीला लावल्यापासून दहांतून सात वेळा येते. उरलेल्या तीन वेळा भाजी न घेता परत यायचे, असा नियम केला आहे आणि तो पाळताना घरात बोलणी खाल्ली आहेत. एका पिशवीत सगळा बाजार भरायचा तर क्रम लावावा लागतो, हे नव्याने शिकलो. बटाटे-कांदे आधी, मग गवार-भेंडी, टोमॅटो शेवटी, आणि पालेभाजी वर, जुडीचे तोंड बाहेर. आधी टोमॅटो घेतले की संपले. कॅरीबॅगांच्या काळात प्रत्येक भाजी आपापल्या खोलीत येत असे, तिला कोणाशी जुळवून घ्यावे लागत नसे.

1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या कितीतरी प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. मंडईत पातळ पिशव्या आजही सर्रास मिळतात. काही दिवस नाहीशा होतात, पुन्हा दिसतात. आणि आम्ही निष्कलंक आहोत असेही नाही. दुधाची पिशवी रोज येते, ती धुऊन वाळवून रद्दीवाल्याकडे जाते तेव्हा तिचे पुढे काय होते याचा पाठपुरावा आम्ही केलेला नाही.

मावशी आता थकल्या. गेल्या दिवाळीपासून त्यांच्या जागी त्यांची सून बसते आणि त्या मागे, भिंतीला टेकून, लसूण निवडत असतात. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा सुनेने अर्धा किलो भेंडी तोलली, आमच्याकडे नीट न पाहताच पाटीखालून पिशवी ओढली आणि तोंड उघडण्यासाठी तिच्यात फुंकर घातली.

"अगं, सरांना नको देऊ," मागून मावशी म्हणाल्या. "त्यांना महाग पडती."

सून काही न कळून हसली. आम्ही कडीवरची पिशवी पुढे धरली. भेंडी बटाट्यांवर पडली.